छत्र साताऱ्याला, दफ्तर पुण्याला

मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला कधी गेला, या प्रश्नाचे शाळेतले उत्तर ठरलेले आहे. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज वारले, पुढच्या वर्षी सांगोल्यास रामराजांनी सर्व अधिकार पेशव्याच्या हवाली केले आणि तेव्हापासून पुणे ही खरी राजधानी झाली. हे उत्तर खोटे नाही, पण त्यातून एक मोठी गोष्ट निसटते. राजधानीचा मान साताऱ्याकडे शेवटपर्यंत राहिला. छत्रपतींचे तख्त तिथेच होते आणि पेशवाईची वस्त्रे तिथूनच येत होती. पुण्याला गेला तो कारभार: फड, दफ्तर, खजिना, परदरबारचे वकील आणि त्यांच्या मागोमाग सावकार. धनी एका गावी आणि त्याच्या राज्याचे काम दुसऱ्या गावी, अशी ही व्यवस्था जवळजवळ सत्तर वर्षे चालली. मला मांडायचे आहे ते असे की या स्थलांतराने मराठ्यांचे जे नुकसान झाले, त्याचे कारण पुणे नाही. सरदारांच्या भांडणांचा निवाडा करण्याचा जो अधिकार साताऱ्याला होता, तो पुण्याला नेता आला नाही आणि साताऱ्याला राखताही आला नाही, हे त्याचे कारण आहे. याचा पुरावा या दोन्ही शहरांपेक्षा त्यांच्या पूर्वेला, भीमा आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत अधिक ठळक दिसतो. सत्तेची भांडणे पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत शिजली, पण त्यांचा निकाल वारंवार या मोकळ्या मुलखात लागला.

त्या काळी राजधानी हलणे ही नवलाची गोष्ट नव्हती. औरंगजेब 1682 साली दख्खनेत उतरला आणि 1707 मध्ये नगरजवळ मरेपर्यंत दिल्लीला परतला नाही. या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानचा कारभार त्याच्या छावणीतून चालला. दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की लागणारे पेडगाव, म्हणजे बहादूरगड, हे मोगलांचे मोठे ठाणे. छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून तिथेच आणले गेले, आणि 11 मार्च 1689 च्या त्यांच्या हत्येची स्मृती शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आजही जपते आहे. औरंगजेबाच्या त्या फिरत्या राजधानीने दिल्लीची घडी विस्कटली हे खरे, पण हुकूम कुणाचा, याविषयी कुणाच्या मनात शंका राहिली नाही. बादशहा जिथे असेल तिथे दरबार आणि दरबार असेल तिथे दफ्तर. मराठ्यांनीही तेच केले. रायगड धोक्यात येताच राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा तख्त त्यांच्याबरोबर गेले. ते दूर असताना महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी हुकूमतपन्हा या अधिकाराने पाहिला, पण तो अधिकार छत्रपतींनी दिलेला होता आणि छत्रपती परतताच त्यांच्याकडे परत जाणारा होता. राजाराम महाराज जिंजीहून आल्यावर सातारा राजधानी झाला. म्हणजे 1700 पूर्वीच्या प्रत्येक स्थलांतरात राजा आणि कारभार एकत्र हलले होते.

जिंजीच्या त्या आठ-नऊ वर्षांनी मात्र एक वेगळी अडचण मागे ठेवली. मोगलांशी लढायला पैसा नव्हता, म्हणून लढेल त्याला मुलूख लावून देण्याची प्रथा पडली. औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि 12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेच्याच वरच्या अंगाला, खेडजवळ, राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंच्या फौजेचा मोड झाला. 12 जानेवारी 1708 रोजी शाहू महाराजांनी साताऱ्यास राज्याभिषेक करून घेतला. ताराबाई पन्हाळ्याकडे वळल्या आणि शिवछत्रपतींच्या एका राज्याची सातारा आणि कोल्हापूर अशी दोन तख्ते झाली. लावून दिलेल्या मुलखांच्या धन्यांना आता निवड करता येऊ लागली. साताऱ्याचा हुकूम जाचक वाटला तर कोल्हापूरचे नाव घ्यायचे, कोल्हापूरचा जाचक वाटला तर मोगलांचे. दौंड तालुक्यातल्या पाटस भागात दमाजी थोराताने नेमके हेच केले. त्याला तो मुलूख रामचंद्रपंतांच्या काळात मिळाला होता आणि रामचंद्रपंतांखेरीज आपण कुणाला धनी मानत नाही, असे तो सांगे. पंत कोल्हापूरच्या पक्षात गेले होते. म्हणजे साताऱ्याच्या राज्याच्या ऐन मध्यावर, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, कोल्हापूरच्या नावाने एक स्वतंत्र अंमल सुरू होता.

या थोराताचे प्रकरण पेशवाईच्या इतिहासात सहसा एखाद्या किस्स्यासारखे सांगितले जाते, पण माझ्या मते ते पुण्याच्या राजधानीपणाचे पहिले पान आहे. पेशवा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेला असता दमाजीने त्याला कुटुंबकबिल्यासह हिंगणगावच्या गढीत अडकवले, राखेचे तोबरे तोंडाला बांधण्याची धमकी दिली आणि खंडणी घेऊनच सोडले. ती रक्कम शाहू महाराजांनी भरली. पुढे शाहू महाराजांचा सचिव थोराताच्या मुलखावर चालून गेला, तर तोही त्याच गढीत कैद झाला. सचिवाच्या सुटकेच्या खटाटोपात बाळाजीला पुरंदर किल्ला मिळाला. किल्ला हाती येताच पेशव्याच्या कुटुंबाला पहिल्यांदा पक्के आश्रयस्थान लाभले आणि पुरंदरच्या पायथ्याचे सासवड हे त्याचे घर झाले. 1718 च्या सुमारास मोगलांच्या मदतीने हिंगणगावची गढी जमीनदोस्त झाली. त्यानंतर पुण्याचा मोगली अंमलदार बाजी कदम याच्याशी बोलून पुण्याचा अंमलही बाळाजीने आपल्याकडे घेतला. म्हणजे पाटस, पुरंदर आणि पुणे या एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. साताऱ्याहून भीमेचे खोरे राखता येत नव्हते, कारण सातारा कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्हापूरच्या बाजूला तोंड करून बसला होता. औरंगाबादहून नगर आणि घोडनदीवरून येणारी वाट, सोलापूरहून पाटसवरून येणारी वाट आणि बोरघाटाने कोकणात उतरणारी वाट, या तिन्ही जिथे मिळत, ते ठिकाण पुणे होते. पेशव्याने ते आवडीने निवडले, त्यापेक्षा प्रादेशिक वैराने ते त्याच्यावर लादले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

दहा वर्षांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. निजामुल्मुल्काने कोल्हापूरच्या गादीवरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांना हाताशी धरले आणि दख्खनेच्या चौथाईचा वसूल थांबवला. दोन छत्रपतींपैकी चौथाईचा खरा हक्कदार कोण हे ठरेपर्यंत पैसा देता येत नाही आणि तो निवाडा बादशहाचा सुभेदार या नात्याने आपणच करू, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे नीट लक्षात घ्यायला हवे. निजामाला मराठ्यांचा प्रदेश हवा होता त्याहून अधिक मराठ्यांच्या भांडणातले न्यायासन हवे होते. 1728 च्या आरंभी तो पुण्यात शिरला, तिथे त्याने संभाजी महाराजांना छत्रपती म्हणून मिरवले आणि मग लोणी, पारगाव, पाटस, सुपे असा भीमा-कऱ्हेच्या मुलखातून बारामतीकडे सरकला. शाहू महाराजांना चिमाजी अप्पासह पुरंदरचा आश्रय घ्यावा लागला. खुद्द साताऱ्याच्या राजाला साताऱ्यात राहणे धोक्याचे झाले होते. बाळाजीनंतर पेशवा झालेल्या बाजीरावाने पालखेडला निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि 6 मार्च 1728 च्या मुंगी-शेवगावच्या तहाने त्याला न्यायाधीशाची भूमिका सोडावी लागली. त्यानंतर बाजीरावाने बिऱ्हाड सासवडहून पुण्याला हलवले, 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत केली. मूळ शत्रू आता ईशान्येला होता आणि पुणे त्या दिशेच्या तोंडावर होते.

इथे कुणी म्हणेल की मग 1750 चे एवढे महत्त्व काय? वाडा बांधला, दफ्तर आले, वकील येऊ लागले, म्हणजे कारभार वीस वर्षे आधीच पुण्याला गेला होता. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच बरोबर आहे. शाहू महाराज असेतोवर पुण्याला मोहिमांची आखणी होई, पैशाची जुळवाजुळव होई. सरदारांमधल्या तंट्याचा शेवटचा शब्द मात्र साताऱ्याचा असे. 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाड्याला मारले. एका प्रधानाने दुसऱ्याला रणात मारणे ही राज्य फुटण्याची वेळ होती. शाहू महाराजांनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली, सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात यशवंतरावाला दिले आणि गुजरातच्या वसुलाची वाटणी ठरवली. त्याच वर्षी 13 एप्रिलला वारणेच्या तहाने कोल्हापूरशी सीमा ठरली. 1743 मध्ये रघूजी भोसले आणि नानासाहेब पेशवा बंगालच्या मुलखावरून एकमेकांवर चालून गेले, तेव्हाही महाराजांनी दोघांना साताऱ्यास बोलावून बंगाल, बिहार, ओरिसा रघूजीकडे आणि माळवा-आग्र्याची बाजू पेशव्याकडे अशी विभागणी केली. ही विभागणी दोघांनी पाळली. शाहू महाराज स्वतः क्वचितच रणात उतरले. त्यांच्याजवळ पेशव्याएवढी फौज नव्हती, रघूजीएवढा खजिना नव्हता. तरी त्यांचा शब्द चालला, कारण त्या तंट्यांत त्यांचा स्वतःचा वाटा नव्हता. पक्षकार नसणे हेच त्यांचे बळ होते.

1750 साली गेले ते हे बळ. महाराजांना पुत्र नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पानगावात वाढलेल्या रामराजांना पुढे केले आणि महाराजांनी अखेरच्या दिवसांत त्यांना वारस मानले. राज्य चालवण्याची आज्ञा देणाऱ्या दोन याद्या त्यांनी नानासाहेबाच्या हवाली केल्या. 4 जानेवारी 1750 रोजी रामराजे गादीवर आले. नानासाहेब उन्हाळ्यात पुण्याला गेला आणि सरदारांना त्याने तिथेच बोलावले. नव्या राजाच्या पहिल्याच वर्षी राज्याच्या मोठ्या मसलती साताऱ्याऐवजी पुण्यात झाल्या, ही गोष्ट सांगोल्याच्या कराराइतकीच निर्णायक आहे. प्रतिनिधीचा मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्यास बंड करून बसला होता. पेशव्याचा चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन तिकडे गेला आणि सप्टेंबर 1750 मध्ये तिथेच रामराजांनी सर्व कारभार पेशव्याकडे सोपवला. छत्रपती परत साताऱ्यास आले, तोच 24 नोव्हेंबरला ताराबाईंनी त्यांना किल्ल्यावर अटकेत ठेवले. पुढच्या वर्षी दमाजी गायकवाड ताराबाईंच्या बाजूने गुजरातेतून चालून आला आणि हरला. 14 सप्टेंबर 1752 रोजी जेजुरीच्या खंडोबासमोर ताराबाई आणि पेशवा यांच्या आणभाका झाल्या. त्याच वेळी रामराजे आपले खरे नातू नव्हेत, असे ताराबाईंनी जाहीर केले. राजा किल्ल्यावर कैदेत आणि त्याच्या वंशाविषयीच शंका, अशा स्थितीत साताऱ्याकडून निवाडा मागणार कोण?

पेशव्याची बाजू घेणारे म्हणतात की रामराजे दुबळे होते, ताराबाई हट्टी होत्या, राज्य बुडू द्यायचे नसेल तर नानासाहेबापुढे दुसरा मार्गच नव्हता. त्याने सत्ता बळकावली असा सरसकट आरोप करणाऱ्यांशी मीही सहमत नाही. फौज त्याची, कर्ज त्याच्या डोक्यावर, मोहिमा त्याच्या. साताऱ्यात बसून हे चालवता आले नसते. ताराबाईंनी तर आपल्याच हाताने पुढे केलेल्या वारसाची मातब्बरी घालवली. पण पेशव्याला दोन मार्ग खुले होते आणि त्याने दोन्ही टाळले. छत्रपतींना मानाने पुण्यात आणून त्यांच्या नजरेखाली कारभार चालवता आला असता, किंवा अष्टप्रधानांची सभा जिवंत ठेवून तिच्याकडे सरदारांचे तंटे नेता आले असते. ज्याच्या हाती तलवार त्यानेच तराजू धरायचा, ही तिसरी वाट त्याने पत्करली. नागपूर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या सरदारांना पेशवा हा आपल्यासारखाच एक सरदार वाटत होता आणि वसुलाच्या वाटणीत तो त्यांचा प्रतिस्पर्धीच होता. अशा न्यायाधीशाचा निकाल फौज समोर असेल तोवरच टिकतो.

पानिपतानंतर हे उघडे पडले. नानासाहेब 23 जून 1761 रोजी वारला, सोळा वर्षांच्या माधवरावाने साताऱ्यास जाऊन वस्त्रे घेतली आणि वर्षभरातच चुलता रघुनाथराव राज्याची वाटणी मागू लागला. आता हा पेशव्याच्याच घरातला तंटा होता. शाहू महाराजांच्या काळात दोघांना साताऱ्यास हजर व्हावे लागले असते. 1762 मध्ये रामराजे अजून किल्ल्यावर अटकेतच होते. म्हणून निकाल घोडनदीच्या काठी लागला. 7 नोव्हेंबर 1762 रोजी तिथे आणि पाच दिवसांनी भीमाकाठच्या आलेगावाशी चुलत्या-पुतण्यांच्या फौजा भिडल्या. रघुनाथरावाच्या मागे निजामअलीचे पाठबळ होते. माधवरावाने राज्य दुभंगण्यापेक्षा स्वतःहून चुलत्याच्या गोटात जाणे पसंत केले. त्याच्या शहाणपणाचे कौतुक झाले आहे आणि ते योग्यच आहे, पण त्या घटनेचा दुसरा अर्थही पाहायला हवा. ज्या निजामाच्या बापाला 1728 मध्ये मराठ्यांच्या भांडणातून हाकलले होते, तोच आता शिरूर-दौंडच्या माळावर पेशव्यांच्या घरातल्या भांडणाचा भागीदार झाला होता.

पुढची पायरी लगेच आली. रघुनाथरावाने भवानरावाकडून प्रतिनिधिपद काढून घेतले, गोपाळराव पटवर्धनाच्या मिरजेवर चाल केली; दुखावलेले सरदार निजामाकडे वळले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने नागपूरच्या जानोजी भोसल्याला साताऱ्याच्या गादीचे आमिष दाखवले. तो घराण्याने भोसला होता आणि पेशव्याच्या जोखडातून सुटायला उत्सुक होता. नागपूरचा डोळा पुण्यावर नव्हता, साताऱ्यावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारभाराची जागा जिंकायला फौज लागते. छत्र मिळाले तर कारभार आपोआप मागे येतो, हे विठ्ठल सुंदराला पक्के कळले होते. 1763 च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. पेशव्याने जानोजीला मुलूख देण्याचे वचन देऊन फोडले, 10 ऑगस्टला राक्षसभुवनावर विठ्ठल सुंदर पडला आणि संकट टळले. त्यानंतर माधवरावाने रामराजांना अटकेतून मोकळे केले. साताऱ्याचे वजन पुन्हा उभे करण्याची गरज त्या तरुण पेशव्याला जाणवली असावी, असे मला वाटते. पण मोकळे केले तरी अधिकार परत दिले नाहीत. त्याचे फळ 1773 मध्ये दिसले. 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. खुनाचा डाग असलेल्या रघुनाथरावाने माणसे साताऱ्यास पाठवली आणि ऑक्टोबरात आलेगावच्याच मुक्कामी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढच्या वर्षी त्याच्या विरोधात एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारभार पुरंदरवर नेला, नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला आणि त्या तान्ह्या बाळासाठीही साताऱ्याहून वस्त्रे आली. पुण्यात रामशास्त्र्यांनी निर्भयपणे खुनाचा निवाडा केला. सातारा मात्र जो मागेल त्याला वस्त्रे देत राहिला.

राजा एका ठिकाणी आणि सत्ता दुसऱ्या ठिकाणी असूनही राज्ये टिकतात, असा एक गंभीर आक्षेप आहे, आणि जपान त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. 1603 पासून 1868 पर्यंत सम्राट क्योतोला आणि तोकुगावा शोगुनचा कारभार एदोला होता. अडीचशे वर्षांहून अधिक काळ शांतता नांदली. मात्र एदोने एक गोष्ट केली होती. प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी आलटून पालटून एदोत राहायचे आणि बायकामुले तिथेच ठेवायची, असा 1635 पासून कायदा होता. शोगुनच्या हाती सरदारांची घरेच होती. पुण्याला असे काही जमले नाही. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांचे वाडे पुण्यात होते, पण त्यांची कुटुंबे, टांकसाळी आणि तोफखाने आपापल्या राजधान्यांत होते. आणि जपानमध्येही शेवट कसा झाला? सात्सुमा आणि चोशू या दूरच्या, दुखावलेल्या प्रांतांनी सम्राटाच्या नावानेच शोगुनशाही उलथून टाकली. रिकामे ठेवलेले छत्र कुणीतरी केव्हातरी उचलतेच. तिथे ते आपल्याच माणसांनी उचलले, एवढाच फरक.

नाना फडणीसाच्या काळाचा दाखलाही दिला जातो. 1795 मध्ये खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र लढले, मग व्यवस्था मोडली होती असे कसे म्हणावे? खर्ड्याचा विजय खरा आहे. पण ती एकजूट नानाच्या बुद्धीवर उभी होती, कोणत्याही मान्य न्यायासनावर नव्हती. सवाई माधवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला आणि पुढच्या सात वर्षांत ती पार विरून गेली. त्याच काळातला एक प्रसंग छत्राची शिल्लक किंमतही दाखवतो. 1792 मध्ये महादजी शिंदे बादशहाकडून पेशव्यासाठी वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्याला आला, तेव्हा छत्रपतींच्या परवानगीशिवाय ती स्वीकारता येणार नाहीत असा मुद्दा निघाला आणि साताऱ्याची परवानगी आणावी लागली. नानाने साताऱ्याचा उपयोग शिंद्याला अडवण्यासाठी केला. म्हणजे हत्यार गंजलेले नव्हते, फक्त ते म्यानातून काढण्याचा हक्क छत्रपतींकडे उरला नव्हता.

25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवा यांच्या फौजा उधळल्या. होळकराची तक्रार अशी होती की पेशवा शिंद्याच्या मुठीत आहे आणि आपल्याला न्याय मिळत नाही. ही 1743 मधल्या रघूजीच्या तक्रारीसारखीच तक्रार होती. दुसरा बाजीराव साताऱ्याकडे वळला नाही, तो कोकणात पळाला आणि 31 डिसेंबरला वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. त्या तहाने इंग्रजांची फौज पेशव्याच्या राज्यात कायमची आली, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि पेशव्याचे निजामाशी व गायकवाडांशी असलेले तंटे कंपनीच्या लवादाकडे जातील असे ठरले. या शेवटच्या कलमाकडे वाचकांनी थांबून पाहावे. 1728 मध्ये निजामाने मागितले आणि मिळाले नाही ते न्यायासन 1802 मध्ये पेशव्याने आपल्या हाताने परक्याला दिले. त्या फौजेचे ठाणे शिरूरला पडले. घोडनदीच्या काठी, पुणे आणि नगर यांच्या वाटेवर, पुण्याला एका कूचेत गाठता येईल आणि निजामाच्या हद्दीवरही नजर ठेवता येईल, अशी ती जागा होती. नगरचा किल्ला 12 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रजांनी घेतल्यावर तिचे महत्त्व आणखी वाढले. बाळाजी विश्वनाथाने ज्या कारणांसाठी पुणे निवडले, जवळजवळ त्याच कारणांसाठी इंग्रजांनी शिरूर निवडले. पुढची चौदा वर्षे पुण्यातल्या कारभाराला शिरूरच्या छावणीचा धाक होता.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री याच छावणीतून कॅप्टन स्टाँटन सुमारे 800 लोक घेऊन पुण्याकडे निघाला आणि सकाळी कोरेगावाशी पेशव्याच्या मोठ्या फौजेसमोर आला. 1 जानेवारी 1818 च्या त्या दिवसभराच्या लढाईत गाव धरून झुंजलेल्या महार शिपायांच्या शौर्याची आठवण भीमा कोरेगावच्या जयस्तंभाने टिकवली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाऊन मानवंदना दिली. ज्या पेशवाईने त्या शिपायांच्या जातीला माणुसकीचे साधे हक्क नाकारले, तिच्यासाठी त्यांनी लढावे असे तिने काही ठेवलेही नव्हते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या दिवसाची आणखी एक नोंद मोलाची आहे. भीमेपलीकडच्या उंचवट्यावर बाजीरावाशेजारी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज बसले होते. इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून बाजीरावाने त्यांना आपल्याबरोबर फिरवत ठेवले होते. उन्हासाठी महाराजांनी अब्दागीर धरवली, तेव्हा तोफेचा गोळा येईल या भीतीने ती खाली घ्यायला बाजीरावाने विनवले, असे इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. सत्तर वर्षांनी राजा आणि कारभार एका जागी आले होते. एक जण कैदी होता आणि दुसरा पळत होता.

पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याला मात्र विठ्ठल सुंदराचा धडा नीट पाठ होता. 10 फेब्रुवारी 1818 रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि त्यांनी त्यावर छत्रपतींचे निशाण चढवले. दुसऱ्या दिवशी जाहीरनामा निघाला की बाजीरावाला पदच्युत केले आहे आणि छत्रपतींना राज्य देऊन त्यांचा मान राखला जाईल. पेशव्याच्या बाजूने लढणाऱ्या सरदारांना घरी परतायला इतके सबळ कारण दुसरे मिळाले नसते. आपण बेइमानी करत नाही, मूळ धन्याकडे परत जातो आहोत, असे त्यांना म्हणता आले. 20 फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडला, प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले, आणि 3 जूनला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमला शरण गेला. पेशवाई नुसत्या तोफांनी बुडाली असे म्हणणारे हा जाहीरनामा विसरतात. 1750 मध्ये पुण्याने साताऱ्यात सोडून दिलेले छत्र 1818 मध्ये कंपनीने पुण्याविरुद्ध वापरले.

महाराष्ट्रात आजही कारभार राजधानीबाहेर जातो. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरते, आणि त्यात आमदार, मंत्री, सचिव, म्हणजे अधिकार असणारे सगळेच जातात. विदर्भाच्या तक्रारी त्याने पुरत्या मिटल्या नाहीत, हे खरे. पण तक्रार ऐकणारे आणि निर्णय घेणारे सभागृह एकच असते. स्थलांतराचा दोष काढताना हा भेद पाहिला पाहिजे. साताऱ्याच्या वाट्याला तो न्याय आला नाही. प्रतापसिंह महाराजांशी 25 सप्टेंबर 1819 रोजी कंपनीने तह केला, 1839 मध्ये त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. आरोपाचा निवाडा करणारी कंपनीच होती आणि फिर्यादीही तीच. त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज 1848 मध्ये वारल्यावर दत्तकाला मान्यता नाकारून तिने सातारा खालसा केला.